दोन संघांचं सुवर्ण

मार्च १९५१, नवी दिल्ली. पहिले आशियाई खेळ चालू आहेत. अकरा देश, ४८९ खेळाडू आणि वॉटर पोलोच्या सामन्याला आलेले तुम्ही. तलावाच्या काठाला अगदी चिकटून उभे राहू नका, भिजाल. चेंडू अजून चामड्याचा आहे. पाणी पिऊन तो जड होत जातो, आणि तरीही एकाच हाताने झेलायचा, एकाच हाताने फेकायचा. दोन्ही हात लावायची मुभा फक्त गोलरक्षकाला. तळाला पाय टेकायची तर इतर कुणालाच नाही.

पंच काठाकाठाने येरझाऱ्या घालतोय. त्याच्या हातातल्या काठीला एका टोकाला पांढरं निशाण, दुसऱ्याला निळं. ज्या रंगाचं वर जाईल, त्या टोप्यांचा चेंडू. टोप्या कापडी, हनुवटीखाली बंदाने बांधलेल्या. वरून दिसतं ते एवढंच. खरी झटापट पाण्याखाली आहे: कुणाचा गुडघा कुणाच्या पोटात, कुणाची मूठ कुणाच्या चड्डीला. पंचाला ती दिसत नाही, तुम्हालाही नाही. मधूनच एखादं डोकं विनाकारण गडप होतं आणि खोकत वर येतं, त्यावरून काय ते ओळखायचं.

भारताच्या बाजूला सचिन नाग आहे, त्याच्यावर नजर ठेवा. याच खेळांत १०० मीटर फ्रीस्टाइल त्याने १ मिनिट ४.७ सेकंदांत जिंकली, तीही सिंगापूरच्या निओ च्वी कोकला मागे टाकून. त्याहून लांब फ्रीस्टाइल शर्यती निओने एकहाती लुटल्या, म्हणजे मागे पडलेला माणूस साधासुधा नव्हता. आता पायांच्या जोरावर नाग छातीपर्यंत पाण्याबाहेर उसळतोय. त्यातल्याच एका पायाला १९४७ साली कलकत्त्याच्या दंगलीत गोळी लागली होती. पुढच्याच वर्षी तो लंडन ऑलिंपिकला गेला. तिथे भारताने चिलीला ७-४ असं हरवलं, त्यात चार गोल याचे. शर्यतीत पोहणारा वेगळा आणि पोलो खेळणारा वेगळा, ही चैन भारताला अजून परवडत नाही.

गट नाहीत, उपांत्य फेरी नाही. स्पर्धेत उतरलेच दोन संघ, भारत आणि सिंगापूर. त्यामुळे पहिला सामना तोच अंतिम. जपान खेळांना आलाय, पण त्याचे जलतरणपटू आलेले नाहीत.

शिट्टी. ६-४. सुवर्ण भारताचं.

शेजारचे एक गृहस्थ नाक मुरडतात. दोघांतला पहिला म्हणजे शेवटून दुसरा, असं काहीसं पुटपुटतात. विनोद बरा आहे, हिशेबही चूक नाही. पण तुम्ही पुढच्या काळातून आला आहात. हेच सिंगापूर तीन वर्षांनी मनिलाला जाईल, जपानचा संघही तिथे असेल, आणि सुवर्ण नेईल सिंगापूर. आज समोर होता तो संघ हा असा. भारताच्या वाट्याला १९७० मध्ये बँकॉकला रौप्य येईल, १९८२ मध्ये याच दिल्लीत कांस्य. सुवर्ण पुन्हा नाही.

गृहस्थांना गाठून हे सगळं सांगावंसं वाटेल. पण ते फुटबॉलच्या ओढीने केव्हाच निघालेत. तिथे निदान सहा संघ आहेत.