दिनविशेष : १८ सप्टेंबर
१८८० : नैनितालवर शेर-का-डांडा कोसळला

गुरुवारपासून पाऊस थांबला नव्हता. शनिवार उजाडेपर्यंत दोन-अडीच दिवसांत सुमारे ३३ इंच पाणी पडले होते. सकाळी व्हिक्टोरिया हॉटेलाजवळ पहिली दरड आली. गाडलेल्यांना काढायला शिपाई, मजूर, अधिकारी धावले. ते ढिगारा उपसत असतानाच दुपारी दीडच्या सुमारास वरच्या शेर-का-डांडा डोंगराचा कडाच सुटला. हॉटेल, नैनादेवीचे देऊळ, असेंब्ली रूम्स. काही क्षणांत सगळे चिखलासह तलावाच्या काठापर्यंत घसरत गेले. १५१ जण दगावले. त्यांत मदतीला आलेलेच बरेच. एक दरड आली की त्याच जागी दुसरी येऊ शकते, हा धडा तिथे फार महागात पडला.

तशी सूचना आधी मिळाली नव्हती असेही नाही. १८६६ आणि १८७९ मध्ये इथलीच आल्मा टेकडी घसरली होती. १८८० नंतर मात्र इंग्रजांनी डोंगरउतारावर पक्क्या नाल्यांचे जाळे बांधले, पाणी मातीत मुरण्याआधी तलावात उतरावे म्हणून. ढिगाऱ्याने रुंदावलेले तलावकाठचे मैदान म्हणजे आजचे 'फ्लॅट्स'. पर्यटक तिथे फिरतात, पोरे क्रिकेट खेळतात. देऊळ १८८३ मध्ये पुन्हा उभे राहिले. शहराच्या दुसऱ्या टोकाला बलिया नाल्याची दरड अजूनही खचते आहे.