कोर्लईचा गड आणि गावाची बोली

रोहा आणि अष्टमी ही कुंडलिकेच्या दोन तीरांवरची जोडगावे. सडका नव्हत्या त्या काळी समुद्राकडून येणारा प्रवासी होडीने अष्टमीपर्यंत येई आणि तेथून पुढे डोंगराची वाट धरी. १६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी रायगडाकडे निघालेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन याच मार्गाने गेला. तो चौलास पोहोचला तेव्हा रात्र झाली होती व पोर्तुगीज नगरीच्या वेशी बंद होत्या. पुढे तो खाडीतून अष्टमीस आला. या जलमार्गाच्या मुखाशी, रेवदंड्यासमोर, समुद्रात घुसलेल्या डोंगरावर कोर्लईचा गड उभा आहे.

पोर्तुगीजांना चौल येथे किल्ला बांधण्याची परवानगी अहमदनगरच्या निजामशहाकडून १५२१ मध्ये मिळाली. पुढे उभयतांत वैर आले. १५९४ मध्ये निजामशाही फौजेने समोरचा हा डोंगर तटबंदीने बळकट करून तेथून चौलवर तोफा डागल्या. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पोर्तुगीजांनी हल्ला करून गड घेतला. दारात हत्ती मरून पडला, त्यामुळे दरवाजा लावता आला नाही आणि शत्रू आत शिरला, असे त्या लढाईविषयी सांगतात. १६८३ मध्ये संभाजी महाराजांनी चौलला वेढा घातला, तेव्हाही गड पोर्तुगीजांकडेच राहिला.

गडाची बांधणी डोंगराच्या आकाराला धरून आहे. लांबी सुमारे २८२८ फूट, रुंदी मात्र सरासरी ८९ फूटच. आडव्या भिंतींनी आतील जागेचे तीन भाग केले आहेत. एकूण दरवाजे अकरा. चार बाहेरचे व सात आतले. एक भाग पडला तरी पुढचा लढवता यावा, हा त्यामागील हिशेब. माथ्यावर पावसाचे पाणी साठविणारे टाके आहे आणि जवळच छप्पर हरवलेले चर्च.

बुरुजांना संतांची नावे होती. पूर्वेचा बुरूज संत फ्रान्सिस झेवियरचा, पश्चिमेचा संत पेत्राचा. गड चढून गेलो तेव्हा आम्ही याच विचाराशी थबकलो. गेथशेमनीच्या बागेत ज्या पेत्राला प्रभूने तलवार म्यान करण्यास सांगितले, त्याच पेत्राच्या नावाच्या बुरुजावर तोफा मांडल्या गेल्या! आपल्या पूर्वजांच्या श्रद्धेचा अभिमान बाळगताना ही विसंगती आपण झाकून ठेवू नये.

चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी गडाला वेढा घातला आणि १७४० मध्ये तो त्यांच्या ताब्यात आला. बुरुजांची नावे बदलली. पोर्तुगीज सत्ता निघून गेली. आता पायथ्याच्या ख्रिस्ती कुटुंबांना ना तटाचा आधार होता, ना तोफांचा. ती होती साधी, शेतात राबणारी माणसे. तरीही त्यांची श्रद्धा टिकली. गावातील माउंट कार्मेल मातेचे चर्च आजही भक्तांनी भरते.

टिकली आणखी एक गोष्ट. या घरांत जी बोली चालते तिला ती माणसे ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. शब्द बहुतांशी पोर्तुगीज, परंतु मराठीच्या शेजारात वाढल्यामुळे क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमंट्स यांनी तिचा अभ्यास करून १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. बोलणारे सुमारे हजार. शाळा मराठी, उपासनाही मराठीत आणि पोटासाठी वाट शहराची. अशा स्थितीत ही बोली आणखी किती पिढ्या जगेल, ही चिंता रास्त आहे.

राज्यकर्त्यांनी दगडात जे बांधले ते ढासळले. गरिबांनी जिभेवर आणि अंतःकरणात जे जपले ते उरले. म्हणून आमची विनंती एवढीच: कोर्लईस जाल तेव्हा गड पाहून तसेच परतू नका. खाली उतरा, चर्चमध्ये क्षणभर गुडघे टेका, आणि एखाद्या घरच्या आजीशी दोन शब्द बोला. तिच्या बोलीत आपल्या इतिहासाचे एक पान अजून जिवंत आहे.