स्फटिकातील खोट आणि छातीवरचा बिल्ला

१/ सांगली, मिरज आणि कुपवाड १९९८ साली एका महानगरपालिकेत आली. मिरजेचा रुग्णालयांचा लौकिक मात्र त्याहून शतकभर जुना. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे १८९४ मध्ये रुग्णालय उघडले. आज अशा रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागात काम करणाऱ्यांच्या छातीवर एक चपटा बिल्ला असतो. त्यातील स्फटिकाचे मोल त्याच्या शुद्धतेत नाही, त्याच्या खोटीत आहे. आजचा धागा त्या खोटीच्या इतिहासाचा.

२/ बिल्ल्याची गरज का पडली? राँटगेन यांना नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले. ते दिसत नाहीत, अंगावर पडताना जाणवतही नाहीत. इजा मागाहून उमटते. एडिसन यांचे सहायक क्लॅरन्स डॅली या किरणांवर प्रयोग करताना हात गमावून बसले आणि १९०४ मध्ये कर्करोगाने वारले. या अदृश्य किरणांना कोणीतरी साक्षीदार हवा होता.

३/ पहिला साक्षीदार म्हणजे छायाचित्रणाची फिल्म. किरण पडतील तशी ती काळवंडे आणि त्यावरून मात्रा ठरे. पण आपल्याकडील उष्ण, दमट हवेत फिल्मवरची नोंद टिकणे कठीण. साक्षीदार हवामानाला दाद न देणारा हवा.

४/ तो मिळाला स्फटिकात. १६६३ मध्ये रॉबर्ट बॉइल यांनी अंधारात एक हिरा अंगाच्या उबेने तापवला आणि तो मंद उजळला. तापवल्यावर प्रकाश देण्याच्या या गुणाला उष्मादीप्ती म्हणतात. तिच्यावरून प्रारणाची मात्रा मोजण्याची कल्पना अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी १९५० च्या दशकात पुढे आणली.

५/ यामागचे कारण असे. निर्दोष रचनेत किरणांनी उचललेला इलेक्ट्रॉन लगेच खाली येतो; मागे खूण उरत नाही. जेथे एखादा अणू गळालेला किंवा परका अणू शिरलेला असतो, तेथे इलेक्ट्रॉन अडकून पडतो. गुळगुळीत भिंतीवर पणती ठेवता येत नाही, कोनाडा लागतो. उष्णता दिली की अडकलेला इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याची ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. जितकी मात्रा, तितका प्रकाश.

६/ तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने कॅल्शियम सल्फेट निवडले. जिप्सम याच कुळातले. त्यात डिस्प्रोसियम मिसळले जाते. कॅल्शियमचा विद्युतभार दोन, डिस्प्रोसियमचा तीन. हा हिशेब जुळवताना कॅल्शियमच्या काही जागा रिकाम्या राहतात आणि सापळे तयार होतात. १९७५ पासून देशभर हेच बिल्ले रुळले.

७/ खोट मात्र मापातच हवी. डिस्प्रोसियमचे प्रमाण हजारात एक भागाहूनही कमी असते. परके अणू फार जवळजवळ आले की ऊर्जा एकाकडून दुसऱ्याकडे जात राहते आणि प्रकाशाऐवजी उष्णतेत विरते. अव्यवस्था थोडी असेल तर स्फटिक बोलतो. अति झाली तर मुका होतो.

८/ ऑक्साइडांत हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. कुरुंद म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, ग्राइंडिंगच्या चाकातला ओळखीचा पदार्थ. त्यात किंचित क्रोमियम आले की माणिक होते. कार्बनच्या सान्निध्यात, ऑक्सिजनच्या तुटवड्यात तो घडवला, तर ऑक्सिजनच्या काही जागा रिक्त राहतात. सोव्हिएत संशोधकांनी १९९० मध्ये मांडलेला असा स्फटिक कमालीचा संवेदनशील होता, पण साध्या उजेडानेही त्याची स्मृती पुसली जाई. पुढे याच उणिवेचे साधन झाले. त्यावर हिरवा प्रकाश टाकला की निळा प्रकाश मिळतो; तापवावे लागत नाही. भाभा केंद्रानेही हा पदार्थ देशात तयार केला.

९/ उष्मादीप्तीच्या बिल्ल्यात तीन चकत्या असतात. एक उघडी, दुसरी प्लास्टिकखाली, तिसरी धातूखाली. त्यांतील फरकावरून किरणांचा प्रकार उमगतो. सहसा दर तीन महिन्यांनी चकत्या वाचल्या जातात. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे.

१०/ चकती तापवून वाचली की तिची स्मृती जाते आणि ती पुन्हा वापरात येते. दुसऱ्यांदा साक्ष काढता येत नाही. उरते ती केवळ नोंदवहीतील नोंद. म्हणून बिल्ला टेबलाच्या खणात राहिला, तर त्या तीन महिन्यांची साक्ष कायमची हरवते. क्ष-किरणांच्या खोलीत टांगलेला राहिला, तर ती खोटी ठरते. त्याची जागा छातीवर, शिशाच्या ॲप्रनच्या आत.