ब्रिटिश कामगार कुटुंब आणि दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिका : १९६२ ते २०००

१५ ऑक्टोबर १९६४ रोजी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान होते. मतदान रात्री नऊपर्यंत चालणार होते आणि मजूर पक्षाचा बराचसा मतदार कामावरून घरी येऊन, खाणेपिणे उरकून मग मतदान केंद्राकडे निघत असे. नेमक्या त्याच संध्याकाळी 'स्टेप्टो अँड सन' या विनोदी मालिकेचा एक जुना भाग पुन्हा दाखवण्याचे बीबीसीने ठरवले होते. आपले मतदार ती मालिका पाहत घरीच बसतील, या भीतीने मजूर पक्षाचे नेते हॅरॉल्ड विल्सन यांनी बीबीसीचे महासंचालक ह्यू ग्रीन यांच्याकडे तक्रार केली. कार्यक्रम रात्री नऊपर्यंत पुढे ढकलण्यात आला. मजूर पक्ष निवडणूक जिंकला, पण बहुमत मिळाले अवघ्या चार जागांचे.

हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यात एक प्रश्न पाहावा. भंगार गोळा करणाऱ्या बापलेकांच्या भांडणात असे काय होते, की देशाच्या भावी पंतप्रधानाला त्याची धास्ती वाटावी? या पाठात आपण त्याच अंगाने चार-पाच मालिका पाहणार आहोत. सर्व मालिकांची यादी देण्याचा येथे हेतू नाही.

पार्श्वभूमी

युद्धोत्तर ब्रिटनमध्ये १९५० नंतरच्या दशकात कामगारांचे वेतन वाढले, शिधावाटप संपले, नगरपालिकांनी बांधलेल्या घरांत लाखो कुटुंबे राहायला गेली आणि दूरचित्रवाणी संच सामान्य घरांत आला. १९५५ मध्ये आयटीव्ही ही जाहिरातींवर चालणारी वाहिनी सुरू झाली. तोवर बीबीसीवर ऐकू येणारी भाषा बहुतांशी सुशिक्षित दक्षिण इंग्लंडची होती. आता प्रेक्षक कोणाकडे जातो, ही स्पर्धा सुरू झाली. ९ डिसेंबर १९६० रोजी आयटीव्हीवर 'कॉरोनेशन स्ट्रीट' सुरू झाली आणि उत्तरेकडील कामगार वस्तीची बोली रोजच्या घरात शिरली.

याच सुमारास अभ्यासकांचेही लक्ष या वर्गाकडे वळले होते. १९५७ मध्ये दोन महत्त्वाची पुस्तके आली. रिचर्ड हॉगर्ट यांच्या 'द यूजेस ऑफ लिटरसी'मध्ये 'आपण' आणि 'ते' ही कामगारांच्या मनातली विभागणी सविस्तर मांडली होती. मायकेल यंग आणि पीटर विल्मॉट यांनी पूर्व लंडनमधील बेथनल ग्रीन या वस्तीचा अभ्यास करून दाखवले, की तेथील कुटुंब आई आणि लग्न झालेली मुलगी यांच्या नात्याभोवती उभे असते. लग्नानंतर अनेक जोडपी घर मिळेपर्यंत मुलीच्या माहेरीच राहत. आपल्या भाषेत सांगायचे तर घरजावई ही तिथली रोजची गोष्ट होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

'स्टेप्टो अँड सन' : न सुटणारे घर

रे गॅल्टन आणि ॲलन सिम्पसन हे दोघे लेखक तरुणपणी क्षयरोगाच्या रुग्णालयात एकत्र होते, तिथेच त्यांची मैत्री झाली. ५ जानेवारी १९६२ रोजी त्यांचा 'द ऑफर' हा एकच भाग बीबीसीने दाखवला. त्याची पुढे मालिका झाली. ती १९६२ ते १९६५ आणि पुन्हा १९७० ते १९७४ अशी चालली.

कथा साधी आहे. लंडनच्या शेफर्ड्स बुश भागात म्हातारा ॲल्बर्ट आणि त्याचा चाळिशीकडे झुकलेला अविवाहित मुलगा हॅरॉल्ड घोडागाडीवरून चिंध्या, जुने सामान आणि भंगार गोळा करतात. हॅरॉल्डला पुस्तके, संगीत, उंची मद्य, चांगल्या लोकांची संगत हवी आहे. बापाला मुलगा हवा आहे, एवढेच. 'द ऑफर'च्या शेवटी हॅरॉल्ड घर सोडायला निघतो. सामान गाडीवर लादतो. बाप घोडा द्यायला नकार देतो. मग हॅरॉल्ड स्वतःच गाडी ओढू पाहतो. ती जागची हलत नाही. तो रडू लागतो आणि बाप त्याला हळूच घरात परत नेतो. विनोदी कार्यक्रमात असा शेवट यापूर्वी ब्रिटिश प्रेक्षकांनी फारसा पाहिला नव्हता. लेखकांनी या भूमिकांसाठी विनोदवीर न घेता अभिनेते घेतले, हे त्याचे एक कारण. हॅरॉल्डचे काम करणारा हॅरी एच. कॉर्बेट हा जोन लिटलवुड यांच्या डाव्या विचारांच्या 'थिएटर वर्कशॉप'मधून आला होता. बापाचे काम करणारा विल्फ्रिड ब्रॅम्बेल त्याच्यापेक्षा फक्त १३ वर्षांनी मोठा होता.

या मालिकेचे आकर्षण समजून घ्यायचे तर त्या काळातील सार्वजनिक भाषा आठवावी लागते. पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन १९५७ पासून सांगत होते, की बहुतेक लोकांना इतके चांगले दिवस पूर्वी कधीच नव्हते. शिष्यवृत्तीवर शिकलेली कामगारांची मुले वर सरकत होती. पण मागे राहिलेलेही होते. ज्यांना हवे काय ते कळत होते आणि निघता येत नव्हते, अशांचा हॅरॉल्ड हा प्रतिनिधी होता. त्याला अडवणारी गोष्ट गरिबी एवढीच नव्हती. म्हाताऱ्या बापाला टाकून कसे जायचे, हा पेच होता. १९७२ च्या एका भागात तो वैतागून घराची मधोमध फळ्या ठोकून वाटणी करतो आणि मग दूरचित्रवाणी संच कोणी कसा पाहायचा यावर भांडण पेटते. एकत्र कुटुंबाची वाटणी पाहिलेल्या भारतीय वाचकाला त्यातले काही समजावून सांगावे लागणार नाही.

माझ्या मते विल्सन यांची भीती म्हणूनच रास्त होती. ज्यांच्या मतांवर ते निवडून येणार होते, तेच लोक पडद्यावर स्वतःला पाहत होते.

'टिल डेथ अस डू पार्ट' : कोणाला हसायचे?

यापुढची मालिका अधिक अवघड आहे आणि तिच्यावर अधिक वेळ घालवायला हवा. जॉनी स्पाइट हे पूर्व लंडनमधील कॅनिंग टाउनचे, गोदी कामगाराचे चिरंजीव. त्यांनी लिहिलेली ही मालिका १९६६ ते १९६८ आणि पुढे १९७२ ते १९७५ या काळात बीबीसीवर आली. वॉपिंग या गोदीजवळच्या वस्तीत ॲल्फ गार्नेट, त्याची बायको एल्स, मुलगी रीटा आणि जावई माइक एका छोट्या घरात राहतात. यंग आणि विल्मॉट यांनी वर्णन केलेले कुटुंब हेच. फरक इतकाच, की पुस्तकात जे नाते आधाराचे आहे ते इथे रोजच्या भांडणाचे आहे.

ॲल्फ कामगार आहे, पण मत हुजूर पक्षाला देतो. राणीवर त्याची भक्ती आहे, कामगार संघटनांचा राग आहे आणि काळ्या व आशियाई स्थलांतरितांबद्दल त्याच्या तोंडी अत्यंत घाण शब्द आहेत. जावई माइक लिव्हरपूलचा, लांब केसांचा, समाजवादी आणि बहुधा बेकार. स्पाइट यांचा उद्देश स्पष्ट होता. अज्ञानी माणसाच्या तोंडून द्वेष वदवला, की प्रेक्षक त्या द्वेषाला हसतील. ॲल्फचे काम करणारा वॉरन मिचेल स्वतः ज्यू होता, हेही या उद्देशाशी जुळणारे.

प्रत्यक्षात काय घडले? मेरी व्हाइटहाउस यांनी शिवराळपणाविरुद्ध मोहीम उघडली, तो वाद वेगळा. खरा प्रश्न हा, की ॲल्फला हसणाऱ्यांपैकी कितीजण मनातून त्याच्याच बाजूचे होते. काळ पाहा. केनियातून येणाऱ्या भारतीय वंशाच्या लोकांचा प्रवेश रोखण्यासाठी विल्सन सरकारने मार्च १९६८ मध्ये घाईने कायदा केला. एप्रिलमध्ये इनॉक पॉवेल यांनी स्थलांतरितांविरुद्ध आपले कुप्रसिद्ध भाषण केले. २३ एप्रिलला लंडनचे गोदी कामगार पॉवेल यांच्या समर्थनार्थ संसदेवर चालून गेले. म्हणजे ॲल्फचे शेजारी रस्त्यावर उतरले होते आणि ते विनोद करत नव्हते.

याच मालिकेवरून अमेरिकेत १९७१ मध्ये 'ऑल इन द फॅमिली' निघाली. तिच्या प्रेक्षकांचा अभ्यास नील विडमार आणि मिल्टन रोकीच यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात मुळात पूर्वग्रह होते त्यांना नायकच बरोबर वाटत होता. ज्यांच्या मनात ते नव्हते त्यांना उपहास दिसत होता. एकच विनोद दोन घरांत दोन अर्थांनी पोहोचत होता. लेखकाचा हेतू हा प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेचा पुरावा मानता येत नाही, हे सूत्र इतिहासलेखनात इतरत्रही उपयोगी पडते.

स्पाइट यांचीच १९६९ मधली 'करी अँड चिप्स' ही कारखान्यातील मालिका तर आणखी फसली. त्यात चेहऱ्याला रंग फासून अर्धा पाकिस्तानी, अर्धा आयरिश कामगार साकारणारा नट होता स्पाइक मिलिगन. त्याचा जन्म १९१८ मध्ये अहमदनगरच्या लष्करी छावणीतला आणि बालपणाचा काही काळ पुण्यात गेलेला. सहा भागांनंतर नियामक मंडळाने मालिका बंद करायला लावली.

एक गोष्ट या चर्चेत हमखास सुटते. घरात सर्वांत शहाणी एल्स आहे. ॲल्फ गर्जत असतो, ती एखादे वाक्य टाकून त्याची हवा काढून घेते आणि स्वयंपाकघरात जाते. अनेक प्रेक्षकांना, विशेषतः स्त्रियांना, हे दृश्य ओळखीचे वाटले असणार. वर्णद्वेषाच्या वादात मालिकेचा हा कौटुंबिक भाग झाकला गेला.

पहिली आवर्तने संपल्यावर लवकरच, १९६९ मध्ये, वॉपिंगच्या लंडन डॉक्स बंद झाल्या. पुढे मालाच्या पेट्या मोठमोठ्या कंटेनरमधून आल्या आणि त्यांना लागणारी खोल बंदरे नदीच्या मुखाकडे होती. ॲल्फ ज्या जगाच्या नावाने ओरडत होता ते जग स्थलांतरितांनी नव्हे, कंटेनरने संपवले.

थॅचर काळ : ठेला आणि भत्ता

१९७९ नंतर मार्गारेट थॅचर यांच्या काळात कारखाने बंद पडले, बेकारी तीस लाखांवर गेली आणि १९८० च्या कायद्याने भाडेकरूंना नगरपालिकेची घरे विकत घेण्याचा हक्क मिळाला. या काळातल्या दोन मालिका शेजारी ठेवून पाहाव्यात.

जॉन सुलिव्हन यांची 'ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस' १९८१ मध्ये सुरू झाली. दक्षिण लंडनच्या पेकहॅममध्ये नेल्सन मंडेला यांचे नाव दिलेल्या उंच इमारतीत डेल, त्याचा धाकटा भाऊ रॉडनी आणि आजोबा राहतात. डेल तीन चाकी गाडीतून सदोष, कधी चोरीचा माल विकतो. कर भरत नाही, बेकारभत्ताही घेत नाही आणि पुढच्या वर्षी आपण लखपती होणार असे भावाला सांगत राहतो. थॅचर यांच्या स्वयंउद्योजकाचे हे चित्र आहे, फक्त त्याचा धंदा कधी चालत नाही. २९ डिसेंबर १९९६ च्या भागात अडगळीतले एक जुने घड्याळ लिलावात विकून ते खरोखर कोट्यधीश होतात. तो भाग २ कोटी ४३ लाख लोकांनी पाहिला. देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ५ कोटी ८० लाख होती.

दुसरी, कार्ला लेन यांची 'ब्रेड' (१९८६ ते १९९१). लिव्हरपूलच्या कॅथलिक बॉसवेल घरात आई नेली जेवणाच्या टेबलावर चिनी मातीची कोंबडी ठेवते. प्रार्थना होते आणि मोठी झालेली मुले एकेक करून त्या कोंबडीत पैसे टाकतात. हे पैसे कुठून आले, ते विचारायचे नाही. सरकारी भत्ते पदरात पाडून घेण्याची युक्ती हा विनोदाचा मोठा भाग होता. म्हणूनच लिव्हरपूलमधील अनेकांना ती खटकली. बेकारीने पिचलेल्या शहराची फुकटखाऊ अशी प्रतिमा होते, अशी त्यांची तक्रार होती. याच शहराची बेकारी ॲलन ब्लीसडेल यांनी १९८२ मध्ये 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ'मध्ये काळजाला घरे पाडील अशी दाखवली होती. तरीही कोंबडीचे ते दृश्य मला महत्त्वाचे वाटते. पगार घरी आणून आईच्या हातात ठेवण्याची कामगार घरातली जुनी रीत पगार नसतानाही चालू राहिली, हे त्यात दिसते.

'द रॉयल फॅमिली' : सोफ्यावरचे कुटुंब

१९९८ मध्ये कॅरोलाइन ॲहर्न आणि क्रेग कॅश यांनी लिहिलेली ही मालिका आली तेव्हा सगळे साचे बदलले. मँचेस्टरमधले एक घर, एक बैठकीची खोली आणि सोफ्यावर बसून टीव्ही पाहणारे कुटुंब. पार्श्वभूमीला प्रेक्षकांचे हसणे नाही. घटना जवळजवळ नाहीतच. चहा कोण करणार, वीज कोणी जाळली, आज जेवायला काय होते, एवढेच बोलणे. नावात राजघराण्यावर कोटी आहे, पण तीही मोठ्याने केलेली नाही. ॲहर्न स्वतः मँचेस्टरच्या नगरपालिका वसाहतीत वाढल्या होत्या.

हॅरॉल्ड स्टेप्टोला घरातून निघायचे होते. जिम रॉयलला कुठेच जायचे नाही. संघटना, गोदी, कारखाना यांचा उल्लेखही विरळ. ३६ वर्षांत काम कथेतून जवळजवळ नाहीसे झाले आणि फक्त कुटुंब उरले. पण या मालिकेत एकमेकांविषयी माया आहे, ती 'स्टेप्टो'मध्ये अपराधीपणाच्या रूपातच दिसत होती.

जिमची भूमिका रिकी टॉमलिन्सन यांनी केली. ते मूळचे गिलावा करणारे बांधकाम कामगार. १९७२ च्या बांधकाम कामगारांच्या संपात निदर्शने केल्याबद्दल १९७३ मध्ये श्रूजबरी येथील खटल्यात त्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली होती. सोफ्यावर पसरलेल्या आळशी जिमकडे पाहून हसणाऱ्या किती प्रेक्षकांना हे ठाऊक होते कोण जाणे. ती शिक्षा अपील न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये रद्द केली.

साधनांविषयी एक सूचना

या मालिकांवर काम करणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे, की बीबीसी त्या काळी चित्रफिती पुसून पुन्हा वापरत असे. 'टिल डेथ अस डू पार्ट'चे १९६० नंतरच्या दशकातले अनेक भाग आज उपलब्ध नाहीत; काहींचा फक्त आवाज उरला आहे. 'स्टेप्टो'चे रंगीत चित्रित झालेले कित्येक भाग केवळ कृष्णधवल प्रतींतून पाहायला मिळतात. लाखो लोकांनी एका रात्री एकत्र पाहिलेली गोष्ट जपून ठेवण्याजोगी आहे, असे ती तयार करणाऱ्या संस्थेलाच तेव्हा वाटले नव्हते.