बंद पाकीट आणि काँग्रेस पक्ष

ऑगस्ट 1942 मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीला अहमदनगरच्या किल्ल्यात आणून ठेवले, तेव्हा मौलाना अबुल कलाम आझाद पक्षाचे अध्यक्ष होते. तिथे त्यांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना पत्रे लिहिली. चहाविषयी, चिमण्यांविषयी, संगीताविषयी. ही पत्रे टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होते. ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने 1946 मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि उर्दू गद्याचा एक ठेवा झाली. उर्दू वाचणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी घरांत हे पुस्तक आहे. मात्र ते टपालाअभावी जन्मले, याचा विचार आपण फारसा करत नाही.

काँग्रेसवाल्यांना ही गोष्ट नवी नव्हती. 1908 मध्ये टिळकांना अटक झाली, तेव्हा पुण्यातल्या त्यांच्या घराची झडती झाली. त्या झडतीत एक कार्ड सापडले आणि त्यावर स्फोटकांविषयीच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यावर लिहायचे म्हणून ती टिपली, असे टिळकांनी सांगितले. तरीही ते कार्ड पुराव्यात दाखल झाले आणि टिळक सहा वर्षांसाठी मंडालेला गेले. 1916 मध्ये मौलाना उबैदुल्ला सिंधींनी काबूलहून रेशमी कापडावर लिहून पाठवलेली पत्रे इंग्रजांच्या हाती लागली. त्यानंतर शेखुल हिंद मौलाना महमूद हसन यांना माल्टाच्या कैदेत ठेवण्यात आले. टपाल फोडण्याचा अधिकार सरकारला 1898 च्या पोस्ट कायद्याच्या कलम 26 ने दिला होता, तर तारा अडवण्याचा 1885 च्या तार कायद्याच्या कलम 5 ने. दोन्ही कायदे इंग्रजांनी आपल्या सोयीसाठी केलेले होते. ते या पक्षाने आपल्या अंगावर झेलले.

आता पुढची कथा. 1947 च्या आरंभी संविधान सभेची मूलभूत हक्कांची उपसमिती कामाला लागली. तिचे अध्यक्ष आचार्य कृपलानी होते आणि त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्षही तेच होते. कन्हैयालाल मुन्शींनी आपल्या मसुद्यात पत्रव्यवहाराच्या गुप्ततेचा हक्क मांडला. डॉ. आंबेडकरांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना विनाकारण झडतीपासून संरक्षण मागितले. उपसमितीने प्रथम दोन्ही गोष्टी मान्य केल्या. पण अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी हरकत घेतली, की असे केले तर प्रत्येक खासगी पत्राला सरकारी दस्तऐवजाचा दर्जा येईल. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव यांना पोलिसांच्या तपासाची काळजी वाटत होती. अखेर पत्रव्यवहाराचे कलम गळाले. एप्रिलअखेर कम्युनिस्ट सदस्य सोमनाथ लाहिरींनी ते पुन्हा आणून पाहिले. हे हक्क एखाद्या पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे वाटतात, असे ते सभागृहात म्हणाले होते. त्यांचे कोणी ऐकले नाही.

यानंतर 3 डिसेंबर 1948 रोजी काझी सय्यद करीमुद्दीन उभे राहिले. ते वऱ्हाडचे वकील होते आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातून मुस्लिम जागेवर निवडून आले होते. हैदराबादची पोलीस कारवाई होऊन तीन महिनेही झाले नव्हते, आणि वऱ्हाड म्हणजे निजामाच्या राज्याला लागून. अशा दिवसांत मुसलमान सदस्याने पोलिसांच्या झडतीवर बंधन घालणारी उपसूचना मांडायची, याला धाडस लागते. काझीसाहेबांनी स्वतःच्या जमातीसाठी काही मागितले नाही. घटनेच्या मसुद्यातल्या कलम 14 ला एक पोटकलम जोडा, एवढेच ते म्हणत होते: लोकांची शरीरे, घरे, कागदपत्रे सुरक्षित राहावीत आणि सबळ कारण शपथेवर सांगितल्याशिवाय वॉरंट निघू नये. हे शब्द अमेरिकेच्या घटनेतून आलेले आणि डॉ. आंबेडकरांनीही वापरलेले.

डॉ. आंबेडकरांनी ही उपसूचना स्वीकारण्याची तयारी दाखवली. यात नवे काही नाही, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण उद्याची विधिमंडळे ते काढून टाकू शकतात, म्हणून ते त्यांच्या हाताबाहेर ठेवणे इष्ट, असा त्यांचा मुद्दा. मसुदा समितीचा अध्यक्ष हो म्हणतो, म्हणजे काम झाले असे कोणालाही वाटेल. पण मताला टाकताना सभागृहात गोंधळ उडाला आणि मतदान पुढे गेले. नंतर जेव्हा मत घेतले, तेव्हा उपसूचना पडली. विरोधाची भाषणे झाली नाहीत, कारणे नोंदली गेली नाहीत. सभागृहात बहुमत काँग्रेसचे होते. ज्यांची पत्रे फोडली गेली होती तेच आता पत्रे फोडण्याचा अधिकार ज्यांच्याकडे येणार ते झाले होते. मला याहून दुसरे कारण दिसत नाही.

एक उपसूचना पडली, त्यात काय एवढे? पण तिची किंमत पुढे मोजावी लागली. 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी म्हटले, की अमेरिकेसारखी तरतूद घटनाकारांनी आपल्याकडे ठेवली नाही, तेव्हा ओढूनताणून ती आणण्याचे कारण नाही. 1962 मध्ये खरक सिंग खटल्यात बहुमताने खासगीपणाचा हक्क नाकारला. 2015 मध्ये आधारच्या खटल्यात भाजप सरकारच्या महान्यायवादींनी हेच दोन निकाल पुढे केले. काँग्रेसच्या बहुमताने 1948 मध्ये मोकळी ठेवलेली वाट तिच्या विरोधकांनाही अशी उपयोगी पडली.

मधल्या काळात काँग्रेसने आणखी एक पाऊल टाकले. लोकसभेत चारशेहून अधिक खासदार असताना राजीव गांधींच्या सरकारने 1986 मध्ये पोस्ट कायदा दुरुस्ती विधेयक आणले. कलम 26 मधला अधिकार त्याने अधिक रुंद होत होता. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले आणि ते राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या टेबलावर गेले. ग्यानीजींनी सही केली नाही, विधेयक परतही पाठवले नाही. तिथेच राहू दिले. राजीव गांधींशी त्यांचे बिनसले होते हे खरे, पण त्यामुळे आपली पत्रे वाचली हेही तितकेच खरे. पुढे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी ते संसदेकडे परत पाठवले आणि 2002 मध्ये वाजपेयी सरकारने ते मागे घेतले.

दुसऱ्यांचे हातही स्वच्छ नव्हते. फोन चोरून ऐकल्याच्या आरोपावरून 1988 मध्ये कर्नाटकात जनता पक्षाच्या रामकृष्ण हेगडेंना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. मार्च 1991 मध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले आणि त्या वादात चंद्रशेखर सरकार गेले. आता पाळतीविरुद्ध संतापलेला पक्ष काँग्रेस होता! 1996 मध्ये पीयूसीएलच्या याचिकेवर न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी फोन ऐकण्यावर बंधने घातली. त्यातले एक असे, की आदेश गृहसचिवाचाच हवा. परवानगी देणारा आणि तपासणारा दोन्ही सरकारचेच राहिले, हा त्यातला उणेपणा.

24 ऑगस्ट 2017 रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 1954 आणि 1962 चे म्हणणे तेवढ्यापुरते रद्द झाले. काझीसाहेबांच्या उपसूचनेला तेव्हा एकोणसत्तर वर्षे होत आली होती.

डिसेंबर 2023 मध्ये भाजप सरकारने 1898 चा पोस्ट कायदा मोडीत काढून नवा केला. इंग्रजांचा कायदा गेला म्हणून त्याचे कौतुक झाले. त्याच्या कलम 9 प्रमाणे राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे कारणांसाठी केंद्र सरकार कोणत्याही अधिकाऱ्याला टपाल अडवण्याचा आणि उघडण्याचा अधिकार देऊ शकते. संसदेत या कलमावर काँग्रेसच्या सदस्यांनी हरकत घेतली. त्यांचे मुद्दे बरोबर होते आणि 1986 मध्ये त्यांच्याविरुद्ध जे बोलले गेले, त्याहून ते फारसे वेगळे नव्हते.