एका आईचं पत्र

पत्रलेखनाचा प्रश्न आमची पोरं बिनधास्त ऑप्शनला टाकायची. म्हणून ओडिशातल्या नीलाबती बेहेरांबद्दल लिहावंसं वाटलं.

१ डिसेंबर १९८७ ला सुंदरगढ जिल्ह्यातल्या जराईकेला चौकीच्या पोलिसांनी त्यांच्या २२ वर्षांच्या सुमनला चोरीच्या तपासासाठी घरातून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेरुळांवर सापडला. पोलीस म्हणाले, रात्री दोरी दातांनी कुरतडून पळाला नि गाडीखाली आला.

आईला हे पटेना. सप्टेंबर १९८८ मध्ये तिनं थेट सुप्रीम कोर्टाला पत्र धाडलं. कोर्टानं त्या पत्रालाच याचिका मानलं. जिल्हा न्यायाधीशांच्या चौकशीत पोलिसांच्या मारहाणीनं मृत्यू झाल्याचं निघालं. २४ मार्च १९९३ ला निकाल लागला: दीड लाख रुपये भरपाई.

दीड लाखानं पोरगा थोडाच परत येतो? पण कोठडीतल्या माणसाचं काय झालं याचा जाब सरकारनंच द्यायचा आणि मूलभूत हक्क तुडवल्यावर सार्वभौमत्वाची ढाल पुढे करायची नाही, हे त्या निकालानं पक्कं केलं. कोठडीतले मृत्यू त्यानंतरही थांबले नाहीत. मात्र पुढच्या कित्येक आयाबापांना कोर्टात बोट ठेवायला या निकालाचा आधार मिळाला.