दरबारी ऐतिहासिक कादंबरी : वाचकांचा प्रतिसाद (पालघर, बोईसर-तारापूर)

राजघराणी, त्यांचे वाडे, खलबते आणि भाऊबंदकी यांभोवती रचलेल्या मराठी कादंबऱ्यांना वाचकांकडून मिळालेली दाद, तसेच त्यांनी घेतलेले आक्षेप. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठीत ऐतिहासिक कादंबरी सुरू झाली. दरबार घराघरांत पोचला तो मात्र रणजित देसाईंच्या ‘स्वामी’मुळे (१९६२, साहित्य अकादमी पुरस्कार १९६४). कोवळ्या वयात पेशवाईची वस्त्रे घेतलेला माधवराव, चुलत्याशी झगडा, क्षय आणि थेऊरला सती गेलेली रमाबाई, या कहाणीने वाचकांच्या डोळ्यांत पाणी आणले. समीक्षकांनी नेमक्या याच भावविवशतेवर बोट ठेवले. वाचकांनी पुस्तक खाली ठेवले नाही.

वाचकाने लेखकाला कसे धारेवर धरावे, याचा उत्तम नमुना म्हणजे नरहर कुरुंदकरांचे देसाईंना लिहिलेले दीर्घ पत्र. शिवचरित्रातल्या अडचणीच्या जागा त्यात रोखठोक मांडल्या आहेत, आणि देसाईंनी ते पत्रच ‘श्रीमान योगी’ या शिवाजी महाराजांवरील आपल्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले. असा मोकळेपणा पुढे क्वचितच दिसला.

संभाजीराजांच्या बाबतीत वाचकांचे मत पार पालटले. बखरींनी रंगवलेली उच्छृंखल प्रतिमा वा. सी. बेंद्रे (१९६०) आणि कमल गोखले (१९७१) यांच्या चरित्रग्रंथांनी खोडली. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’ने (१९७९) ते संशोधन सामान्य वाचकाच्या हृदयाला भिडवले. कादंबरी पडद्यावर आल्यावर प्रतिसाद अधिक तिखट होतो. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर (१९७२) आधारलेल्या ‘बाजीराव मस्तानी’तील (२०१५) काशीबाई-मस्तानीच्या नाचाला पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. २०२५ मध्ये ‘छावा’ चित्रपटातील चित्रणावरून शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. पूर्वजांची बदनामी हा वंशजांना आजचा प्रश्न वाटतो, आणि तो तसा वाटणे रास्तच आहे.

पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने या साहित्यात एक मोठी उणीव आहे. जव्हारला मुकणे या महादेव कोळी राजघराण्याची गादी १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत होती, तरी गाजलेल्या कादंबऱ्यांचा दरबार रायगड, सातारा आणि पुणे येथेच भरतो. ‘राऊ’चा सारा जीव बाजीराव-मस्तानीत आहे. त्याच बाजीरावाच्या काळात, जानेवारी १७३९ मध्ये, त्याचे भाऊ चिमाजी आप्पा यांच्या फौजेने पोर्तुगीजांचा तारापूरचा किल्ला घेतला. सुरुंगांनी तट फोडल्यावर आपापली निशाणे पुढे नेण्यासाठी बाजी भिवराव रेठरेकर, रामचंद्र हरी, यशवंतराव आणि तुकोजी पवार यांच्यात चढाओढ लागली. आतल्या शिबंदीनेही शर्थ केली. बाजी भिवराव येथेच कामी आले. ते बाजीरावाचे जिवलग सरदार होते. त्यानंतर चार महिन्यांत वसई पडली. एवढा ऐवज जवळ असताना बोईसर-तारापूरच्या वाचकाने शनिवारवाड्याच्या दिवाणखान्यातच अडकून पडू नये.

वसईच्या या मोहिमेतील अस्सल पत्रे गो. स. सरदेसाई संपादित पेशवे दफ्तराच्या १६ व्या खंडात छापलेली आहेत, आणि य. न. केळकरांचे ‘वसईची मोहीम’ हे स्वतंत्र पुस्तकही आहे. ‘राऊ’ संपवून ही दोन्ही उघडावीत.